मनातून घडवलेली बाई

“ही बाई जगात कुठेच नव्हती,” दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत होता. “आमच्या वडिलांनी ती मनातून घडवली.”

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात घड्याळं, रेडिओ, लोखंडी पेट्या, सगळं विकायला होतं. विकायला नव्हत्या त्या फक्त मागच्या भिंतीलगतच्या पुतळ्या. एकेकाळी कापडदुकानांच्या काचेआड उभ्या राहिलेल्या. कुणाचा हात गेलेला, कुणाचं बोट. चेहरा मात्र सगळ्यांचा एकच. वडिलांच्या हातच्या या पुतळ्या दुकानदाराने भंगारवाल्यांच्या हातापाया पडून गोळा केल्या होत्या. येईल त्याला तो त्या कौतुकाने दाखवायचा.

टेबलफॅन विकायला आलेली एक म्हातारी हे ऐकत होती. तिने फॅन काउंटरवर आदळला.

“मनातून? अरे, हा चेहरा माझा आहे!”

गिऱ्हाईक हसलं. दुकानदार हसला नाही. वडिलांविरुद्ध कुणी शब्द काढला की त्याचं डोकं फिरायचं.

“आजी, तोंड सांभाळा. माझे वडील कलावंत होते. कुणाच्या तोंडाचा साचा काढणारे नव्हते.”

“तुझे वडील आमच्या शेजारी राहायचे. मी त्यांना काका म्हणायचे. एका दुकानापुरता चेहरा हवाय म्हणाले. नाकात नळ्या घालून मला प्लास्टरखाली निजवलं. भुवया उपटून आल्या माझ्या! मग त्याखाली हवं ते धड जोडलं आणि मला गावभर उभी केली. होणाऱ्या सासऱ्यांनी मला भर बाजारात पाहिलं, आतल्या कपड्यांवर! लग्न मोडलं. जाब विचारायला गेले तर काका म्हणतात, ‘पोरी, तुझ्यासारखी दिसणारी कुणीही असेल.’”

“कुणीही यावं आणि मेलेल्या माणसाबद्दल काहीही बरळावं! पुरावा आहे?”

“डोळे मीट आणि त्या पुतळीच्या डोळ्यांवरून बोट फिरव.”

तिला खोटं पाडायचं म्हणून त्याने ते केलं. बोट रंगवलेल्या बुबुळावरून खाली सरकलं आणि अडलं. तिथे पापणीची कड होती. मिटलेल्या पापणीची. त्याने शेजारची पुतळी चाचपली. मग तिच्या पलीकडची. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. उघडे डोळे नुसते वरून रंगवले होते.

“प्लास्टरखाली डोळे उघडे ठेवता येतात होय रे?” म्हातारी म्हणाली.

गिऱ्हाईक केव्हा सटकलं, कळलंही नाही. दुकानदाराची कानशिलं तापली. ज्या माणसाला तो देव मानत आला, त्याने एका पोरीचा चेहरा चोरून वर तिलाच खोटं ठरवलं होतं. आणि आत्ता मुलानेही तेच केलं होतं. विक्रीला ठेवलेला एक हातोडा त्याने उचलला.

“एकही ठेवत नाही!” म्हणत तो पहिल्या पुतळीवर धावला.

म्हातारी आडवी आली. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

“केलं तुझ्या बापाने,” ती म्हणाली, “आणि शिक्षा या वेळीही हिलाच?”