डबीतलं फिलिंग

या, जरा जवळ सरका. एका पडलेल्या फिलिंगची कथा सांगतो.

एका लेकीच्या दातांच्या नव्या दवाखान्याचा पहिला दिवस. संध्याकाळ झाली तरी कुणी फिरकलं नव्हतं. तेवढ्यात तिचे बाबा गाल धरून धापा टाकत आले.

"डॉक्टरीणबाई, फिलिंग पडलं! आत्ता, येता येता!"

"गिळलं नाहीत ना?"

"छे! हे बघ, डबीत आणलंय."

"शाब्बास! पडलं की लगेच यायचंच असतं."

लेकीला आभाळ ठेंगणं झालं. दात साफ करून, नवं फिलिंग भरून तिनं आईला फोन लावला. "आई, पहिला पेशंट आला!"

"भरलंस एकदाचं? महिनाभर एकाच बाजूनं चावत होते गं. म्हणायचे, लेकीचा दवाखाना उघडू दे."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बापाची आठवण ठेवा.