सूतभर जास्त

झाकण काही केल्या बसेना. रूपालीनं दोन्ही तळव्यांनी दाबलं, मग कोपर टेकवून दाबलं. आतली अकरा चित्रं शहाण्यासारखी पडून होती. बारावं तेवढं काठाशी अडून फुगलं होतं. तिनं दुसरी पेटी घेतली, तिसरी घेतली. तीच तऱ्हा. शेवटी पट्टी लावली. चित्र बरोबर फूटभर हवं होतं, ते फुटावर एक सूत भरलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तेवढ्यानं तिची आजची सुटका हुकत होती.

सुटकाच म्हणायची. मागच्या दिवाळीत उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या गर्दीत, या पत्र्याच्या शेडमध्ये सहा चित्रकारांनी मिळून ‘उमट’ सुरू केलं. दर महिन्याला इकडच्या एखाद्या कष्टकऱ्याला सोबत घेऊन एक चित्र लाकडावर कोरायचं, त्याच्या पंचवीसच प्रती छापायच्या, मग ठोकळ्यावर आडवी खाच मारून तो बाद करायचा, म्हणजे सव्विसावी निघायला नको. वर्षअखेर बारा चित्रांची पेटी. निपाणीत विड्या वळणाऱ्या मालुबाईंबरोबर एक झालं, सदलग्याच्या लोहाराबरोबर एक झालं. तेवढ्यात आशुतोष बेंगळूरला गेला. स्वरालीला पुण्यात नोकरी लागली. रचना फोन उचलेनाशी झाली, आणि बाकीचे दोघं यायचे कधी थांबले ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. उरली रूपाली. सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारी इथं येऊन एकटीनं रूळ फिरवायचा. रात्री दंड ठणकायचे. शाईचा वास आला तरी तिला आताशा रडू यायचं.

बारावं चित्र रवळूआप्पांचं. गुंजीचा माणूस. शेजारच्या फाउंड्रीत चाळीस वर्षं लाकडाचे नमुने कोरले; त्यांचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. आता तिथं नमुने मशीन कापतं. आप्पा घरी बसले, म्हणजे बसायला हवे होते. पण रोज सकाळची गाडी धरून ते उद्यमबागेत यायचेच, आणि या शेडच्या दारातल्या स्टुलावर टेकायचे. महिन्यापूर्वी रूपालीनं त्यांच्या हातात फळी आणि आपली प्लास्टिकची पट्टी ठेवली होती.

“हे बारावं पेटीत गेलं की मी कुलूप घालणार आप्पा. जीव दमलाय माझा.”

आप्पांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, “पेटी केवढी हाय?”

आज पाच वाजता शेडचा मालक किल्ली न्यायला येणार होता. पेट्या करणाऱ्याला तिनं फोन लावला. नव्या करायला पंधरा दिवस लागतील म्हणाला. मग तिनं कात्री उचलली. चित्रात सहा जणांचे बारा हात एक ओला कागद अलगद उचलत होते, आणि अगदी काठावर आप्पांनी केसाएवढ्या रेघेची चौकट कोरली होती. कापलं तर ती जाणार. समोरच्या भिंतीवर आशुतोषच्या अक्षरात पहिल्या दिवशीचा नियम लिहिलेला होता: दुसऱ्याच्या कामाला कात्री लावायची नाही. लिहिणारा गेला आणि नियम तिच्या गळ्यात पडला. तिनं कात्री खाली ठेवली.

“आप्पा, माप कुठलं घेतलासा?” तिचा आवाज चढलाच.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. पिशवीतून आपली जुनी पोलादी पट्टी काढली आणि तिच्या प्लास्टिकच्या पट्टीला लावून धरली. दोन्हींवर बारा इंच. पण पोलादी पट्टी सूतभर पुढं आली होती.

“आमच्या कामाची पट्टी ही. बीड थंड हुताना आकसतंय. फुटाला एक सूत. म्हणून लाकूड तेवढं मोठं धरायचं.”

“कागद कुठं आकसतो आप्पा?”

आप्पांनी पोलादी पट्टी पुसून पिशवीत ठेवली. रूपालीनं आपली पट्टी बाजूला ठेवली. रागवायचं तरी कुणावर? चाळीस वर्षांची सवय, हात आपसूक त्याच पट्टीकडं गेला असणार. म्हाताऱ्या माणसावर आपण ओरडलो याची तिला लाज वाटली. तिनं मालकाला फोन करून पंधरा दिवस मागून घेतले. तो कुरकुरला, पण हो म्हणाला.

निदान ठोकळा तरी बाद करू, म्हणून तिनं पटाशी घेतली. पंचवीस प्रती झाल्या होत्या. खाच मारताना हलू नये म्हणून खाली फडकं घालायला तिनं ठोकळा उलटा केला. नमुन्याच्या पाठीवर पेन्सिलीनं माप लिहून ठेवायची आप्पांची रीत होती. इथंही लिहिलं होतं.

‘पेटी १२ इंच. कागद आकसत न्हाय.’

आणि त्याच्याखाली, दोनदा अधोरेखित: ‘१२ इंच १ सूत.’

रूपालीनं ती अक्षरं दोनदा वाचली. पटाशी तिच्या हातातच होती.

“आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं.”

“व्हय,” स्टुलावरनं न उठता आप्पा म्हणाले. “पेटीत गेलं की कुलूप घालणार म्हणालतीस न्हवं? म्हणून जाणार न्हाय असं केलं.”