वरची कडी

डॉक्टरांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या, पण चार वर्षांच्या शमिकाचा डावा हात उचललाच गेला नाही.

"मेंदूच्या रक्तवाहिनीला सूज येऊन अर्धांगाचा झटका आलाय. मध्यंतरी कांजिण्या आल्या होत्या?"

"मे महिन्यात. पण बऱ्या झाल्या की!" तिची आई वृंदा म्हणाली.

"क्वचित त्यांच्यामागून अशी सूज येते."

वृंदानं शमिकाचा डावा हात हातात घेतला. पुतण्याला कांजिण्या आल्या तेव्हा शमिका आत जाऊ नये म्हणून जाऊबाईंनी खोलीला वरची कडी घातली होती. 'शाळेआधीच एकदा होऊन जाऊ देत,' म्हणून दुपारी गुपचूप ती कडी काढून वृंदानंच शमिकाला त्याच्याशेजारी झोपवलं होतं.

बाहेर जाऊबाई रडत होत्या. "माझ्याकडूनच कडी नीट लागली नसेल गं."

वृंदानं त्यांना जवळ घेतलं. "असू दे, ताई. मी कुठं तुम्हाला बोल लावतेय?"