जाहिरातीतला समुद्र

१९५६ साली जऊळका स्टेशनात एका समुद्रकिनाऱ्याची रंगीत जाहिरात लागली. 'लाटांचे संगीत ऐका, खारा वारा अंगावर घ्या,' असं तिच्यावर छापलं होतं.

गावातले कापडाचे दुकानदार कस्तुरचंद त्या दिवशी बायकोला, भागिरथीला, माहेरी सोडायला निघाले होते. एकुलती एक मुलगी तापानं गेल्यापासून भागिरथी वर्षभर कोणाशी बोलली नव्हती. जाहिरातीसमोर ती थांबली.

"आवाज ऐकू येऊन राह्यला का तुमाले?" तिनं विचारलं.

कस्तुरचंदांना काहीच ऐकू येत नव्हतं. पण बायको बोलली, एवढंच त्यांना पुरे होतं. माहेरचा बेत त्यांनी सोडला आणि दिवाळी आटोपताच तिला घेऊन ते जाहिरातीतल्या त्या किनाऱ्याच्या गावी गेले.

किनारा अगदी चित्रातल्यासारखा होता. भर दुपारी उंच लाटा खडकांवर येऊन फुटत होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता. वाऱ्याला वासही नव्हता. मागे रस्त्यावरच्या चणेवाल्याची हाक मात्र स्पष्ट ऐकू येत होती.

"काहून आवाज नाही याले?" कस्तुरचंदांनी घाबरून विचारलं.

"हा तो समुद्र नाही," भागिरथी शांतपणे म्हणाली. "तो येऊन राह्यला. ऐका."

मग त्यांनाही ती गाज ऐकू आली. ती पाठीमागून येत होती, गाव होतं त्या बाजूनं. खारा, ओला वारा त्यांच्या मानेला लागला. चणेवाल्याची हाक मधेच तुटली.

कस्तुरचंदांनी बायकोचा हात घट्ट धरला. भागिरथीनं तो हलकेच सोडवला आणि धावत येणाऱ्या लेकीला कवेत घ्यावं तसे दोन्ही हात पसरून ती मागे वळली.