गावंडेंचा पहिला तास

पोलिसदप्तरातली गांजाची ती जुनी नोंद पुसली गेली, तर गावंडेंना मिळणार काय होतं? रविवारच्या मराठी शाळेत फुकट शिकवायची परवानगी! अमेरिकेतल्या त्या शाळेत मुलांसमोर उभं राहायला पोलिसांचा स्वच्छ दाखला लागे. कॉलेजात असताना एका झुरक्यापायी पकडले गेलेले गावंडे अकरा वर्षं शिक्षिका बायकोला दारात सोडून गाडीतच बसत. लोक म्हणत, "भारी आखडू माणूस!"

मग गांजाचा कायदा बदलला, कोर्टाने नोंद पुसली. मुख्याध्यापिका निशाताईंनी संगणकावर नाव टाकलं. गावंडेंनी बायकोचा हात घट्ट धरला.

"काही सापडत नाही हो, गावंडे."

"पुन्हा बघा!"

"अहो, सापडायला हवंय का तुम्हाला?" बायको म्हणाली.

ओळखपत्र गळ्यात अडकवून गावंडे वर्गाकडे धावलेच. अकरा वर्षं साठवलेलं सगळं त्यांनी पहिल्याच तासात बाहेर काढलं: बाराखडी, तीन कविता, पावकी-निमकीचे पाढे, वर गृहपाठ.

सरकारने माफ केलं, गावंडे सुटले. शिक्षा भोगली ती चौदा पोरांनी, तीही मधल्या सुट्टीशिवाय.