निकाली

नवी ड्रेनेज लाइन आधी कुठल्या वस्तीत टाकायची, हे एआयला कसं विचारायचं ते महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात शिकवत होते. आम्रपालीने तीन वर्षांच्या तक्रारी त्यात घातल्या, तर भोसरीतली तिची स्वतःचीच गल्ली यादीत सगळ्यात खाली! आज सकाळीसुद्धा ती विटांवर पाय देत, गटाराचं पाणी चुकवत घरातून निघाली होती.

"सर, हे साफ चुकतंय!" ती उभीच राहिली.

"मॅडम, एआयला वास येत नाही, तुमच्या नोंदी तेवढ्या दिसतात," प्रशिक्षक म्हणाले. " या गल्लीच्या सगळ्या तक्रारी दर सोमवारी सकाळी निकाली निघाल्यात."

सोमवारी साहेबांची आढावा बैठक असायची. स्क्रीनवर लाल दिसलं की साहेब भडकायचे, म्हणून बैठकीआधी ती उरलेल्या सगळ्या तक्रारी न वाचताच 'निकाली' करून टाकायची. ऑफिसात सगळेच करायचे.

तिला खुर्चीत बसवेना. बाहेर येऊन तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, गल्लीतल्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता पुन्हा तक्रार टाकायला सांगा!"

"अगं, लोक तर मागंच मोर्चा काढायला निघाले होते," कोंडीराम म्हणाले. "मीच अडवलं सगळ्यांना.


म्हटलं, निकाली निघाल्याचा मेसेज माझ्या आम्रपालीच्या ऑफिसातून आलाय, दुरुस्तीला माणसं येतीलच."