टेबल नंबर चार

"चार कॅमेरे लावलेत, दिसतात दोनच. तिसरा लावला की पहिला झोपतो," मालक म्हणाला. "आमच्या कारागिरांचा गुण लागला असेल."

कॉम्प्युटरवाला हसला नाही. आठ महिने तो या जागेला मनातल्या मनात शिव्या देत होता, पण आत पाऊल आजच टाकलं होतं. दुकानातून कामाची चिठ्ठी हातात पडली, तेव्हा त्यानं पत्ता दोनदा वाचला. नाही म्हणता आलं असतं. पण ज्या कॅमेऱ्यांनी ताईला चोर ठरवलं, ते एकदा डोळ्यांनी बघावेत असं त्याला वाटलं.

कारखाना दातांचा होता. भिंतीलगत प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, सगळे उगाचच हसणारे. चार टेबलं, प्रत्येकावर एक कारागीर, पांढरा कोट, निळे हातमोजे आणि डोक्यावर सरळ खाली बघणारा वेबकॅम. दातांवर बसवायच्या कॅपसाठी सोनं इथंच कापलं जाई, म्हणून हा पहारा.

चार नंबरच्या टेबलावर ताई अकरा वर्षं बसली. आठ महिन्यांपूर्वी 'टेबल चार' लिहिलेल्या रेकॉर्डिंगमध्ये निळ्या हातमोज्यातल्या हातानं चिमट्यानं सोन्याचा तुकडा उचलला आणि कोटाच्या बाहीत सरकवला. ताईला त्याच दिवशी काढलं. पोलीस बोलावले नाहीत, एवढेच उपकार. ताईनं 'मी नाही' असंसुद्धा म्हटलं नाही. रेकॉर्डिंग एकदा बघितलं, पर्स उचलली आणि निघाली.

तेच त्याच्या जिव्हारी लागलं होतं. आईवडील गेल्यावर जिनं हाताला धरून वाढवलं, तिच्याच दारात उभा राहून तो म्हणाला होता, "आई आज नाही ते बरंच झालं." त्यानंतर तो तिकडे फिरकला नाही. बायकोनं किती समजावलं. ताईच्याच शब्दावर तीही इथं कामाला लागली होती. ताईला काढल्यावर महिनाभरात तिनंही काम सोडलं. ताई नाहीत तिथं मन लागत नाही म्हणाली. "माणसाकडून होते चूक. जाऊन भेटा ना त्यांना," असं ती अजूनही म्हणे. परक्या घरून आलेलीला कळतं ते आपल्याला का कळू नये, असं त्याला वाटायचं, पण पाय काही उचलत नव्हता.

त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं. चारही वायरी एकाच हबमध्ये खुपसलेल्या आणि हबची एकच वायर कॉम्प्युटरला.

"एका दारातून चौघं एकदम निघाले की दोघं अडकणारच," तो म्हणाला. त्यानं दोन कॅमेरे काढून थेट कॉम्प्युटरच्या मागे लावले. चित्रांचा आकार कमी केला. स्टुलावर चढून प्रत्येक भिंग पुसलं. दोन नंबरच्या टेबलाची कड मेणाच्या दिव्यानं भाजून काळी पडली होती. तिथं एक झुपकेदार मिशीवाला कारागीर शीळ घालत काम करत होता.

चारही चित्रं दिसू लागली. खात्रीसाठी त्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. चित्रं आली, पण काळी कड आता 'टेबल चार'खाली दिसत होती.

त्यानं आणखी तीनदा तेच केलं. प्रत्येक वेळी चित्रांची अदलाबदल झाली.

"कॅमेरे सगळे एकसारखे. कॉम्प्युटरला ते वेगळे ओळखता येत नाहीत," तो हळूच म्हणाला. "जो आधी जागा होईल तो एक नंबर. इथं वीज जाते?"

"आठवड्यातून दोनदा तरी. का?"

"जुनं रेकॉर्डिंग ठेवलंय एखादं?"

"एकच. चोरीचं."

मालकानं ते लावलं. चिमटा, सोनं, बाही. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात भाजलेली काळी कड. मालकानं तेव्हा हात बघितले होते, टेबल कुणी बघितलंच नव्हतं.

"अरे देवा," मालक म्हणाला. "म्हणजे ती बाई..."

"ती बाई माझी बहीण आहे."

मालक घाईनं उठला आणि कपाटातून हजेरीची जुनी रजिस्टरं काढू लागला. मिशीवाला अजून शीळच घालत होता. त्याची गचांडी धरावी, इतका राग कॉम्प्युटरवाल्याला आला. पण आधी ताई. तो जिन्यात गेला आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा तिला फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली.

"ताई, माझं चुकलं गं. मी तुझ्या कारखान्यात आलोय. कॅमेरे बदलले होते! ते तुझं टेबल नव्हतंच, दोन नंबरचं होतं. तो मिशीवाला, सोडत नाही आता त्याला."

"त्याला हात लावू नकोस. तो बिचारा नंतर लागलाय, मी असताना तिथं मिशीवाला कुणी नव्हता."

"मग तेव्हा कोण बसायचं तिथं?"

"ते राहू दे आता. जेवलास का तू?"

"मालकाला दाखवलंय मी सगळं. पण तू गप्प का राहिलीस? मी दारात येऊन इतकं बोललो, तेव्हा तरी तोंड उघडायचंस!"

"चिमटा कसा धरायचा ते मीच शिकवलं होतं रे. बघितल्याबरोबर हात ओळखले," ताई म्हणाली. "तू आता मुकाट्यानं घरी जा. आणि तिला काही बोलू नकोस, पोरं लहान आहेत तुमची."